खाचरातील तणांची शिरगणती

(नवी मुंबई येथे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि परिसरातील शेतकरी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाठविलेल्या पत्रात व्याख्यानाचा विषय ‘मोहरीच्या शेतातील तणांच्या जातींचे सर्वेक्षण’ असा दिला आहे. विषय उत्तम आहे. अडचण एवढीच की, मोहरीचे शेत पाहावयाचे तर आपणांस राजस्थान, हरियाणा किंवा उत्तर प्रदेश गाठावा लागेल. आपल्याकडे मोहरी येते ती फोडणीपुरती. तेव्हा संयोजकांची परवानगी गृहीत धरून मी मोहरीच्या शेतात थोडा वेळ थांबणार आहे आणि तेथून आपल्या भाताच्या खाचरात उतरणार आहे. शिरगणतीची रीत दोन्हीकडे एकच, आणि खाचर अजून तरी या सभागृहापासून तासाभराच्या अंतरावर आहे. ‘अजून तरी’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. त्यांच्याकडे पुढे येईनच.

मोहरीच्या शेतात थांबावयाचे ते एका वनस्पतीसाठी. पिवळा धोतरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. रस्त्याकडेला, पडीक जागेत, पांढुरक्या शिरांच्या काटेरी पानांचे हे झुडूप पिवळ्या फुलांनी उठून दिसते. ते मूळचे मेक्सिकोतील. उत्तरेत ते मोहरीच्या शेतात आणि बांधावर उगवते, आणि त्याचे बी तयार होण्याचा काळ मोहरीच्या काढणीच्या काळाशी जुळतो. दोन्ही बिया काळपट, आकारानेही जवळपास सारख्या. मोहरीचा दाणा गुळगुळीत आणि धोतऱ्याचा खरबरीत, जाळीदार, हा भेद तळहातावर घेऊन पाहणाऱ्यालाच कळतो. घाण्याला तो कळत नाही. धोतऱ्याच्या तेलातील विषारी द्रव्याने अंगावर सूज येते, दम लागतो, हृदय दुर्बल होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे ही साथ पसरली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. त्या साथीत शेतातून अनवधानाने आलेले बी किती आणि बाजारातील माणसांचा लोभ किती, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु कोणत्या शेतात कोणते तण किती आहे, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीपुरता नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

मोहरीच्या शेतात आणखी एक पाहुणा असतो : बंबाखू. आपल्याकडील तंबाखूचे शेतकरी त्याला चांगले ओळखतात. त्याला हिरवे पान नसते. तो पिकाच्या मुळावर जगतो. जमिनीवर त्याचा कोंब दिसेपर्यंत पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते. त्याचे बी धुळीसारखे बारीक असून जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारी रोपे मोजून शिरगणती पुरी होत नाही. मातीच्या पोटात काय दडले आहे, त्याचाही अदमास घ्यावा लागतो.

तण म्हणजे काय, याची व्याख्या आपण पाठ केलेली असेल : नको त्या जागी उगवलेली वनस्पती. मला ती व्याख्या नेहमी अपुरी वाटत आली आहे. नको कोणाला, आणि केव्हा नको, हे त्यात येत नाही. भात कापल्यावर वालाच्या शेतात सांडलेल्या दाण्यातून भाताचे रोप उगवले तर व्याख्येप्रमाणे तेही तणच. उलट, रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी दाखवून दिले की, युरोपात ज्याच्या पिठाची भाकरी होते ते राय नावाचे धान्य (आपली राई नव्हे) आरंभी गव्हाच्या शेतातील तणच होते. शेतकरी गव्हाबरोबर ते नकळत पेरीत गेला, आणि थंड, हलक्या जमिनीत गहू हरला तेथे राय टिकली. शेवटी माणसाने तिलाच पीक मानले. पीक आणि तण यांच्यामधील बांध हा असा सरकता असतो.

आता रीत सांगतो. अर्धा मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी लाकडी किंवा लोखंडी चौकट घ्यावी. शेतात डोळे झाकून म्हणजे आवडनिवड न करता ती ठिकठिकाणी टाकावी, आणि चौकटीत आलेली प्रत्येक वनस्पती जातवार मोजावी. समजा, वीस चौकटी टाकल्या आणि त्यांपैकी पंधरांत माका सापडला, तर माक्याची वारंवारता ७५ टक्के झाली. वीस चौकटींत मिळून माक्याची साठ रोपे असतील, तर चौकटीमागे घनता तीन, म्हणजे दर चौरस मीटरला बारा. ज्या पंधरा चौकटींत माका आहे त्यांच्यापुरता हिशेब केला तर विपुलता चार. या तीन आकड्यांवरून तण शेतभर विखुरलेले आहे की एका कोपऱ्यात थवा करून आहे, ते कळते. किती चौकटी पुरेत, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. प्रत्येक चौकटीनंतर नव्या जाती किती मिळाल्या ते लिहीत जावे. नवे नाव मिळणे जवळजवळ थांबले की त्या शेतापुरते काम झाले.

जातींची नुसती संख्या मात्र फसवी असते. दोन खाचरे घ्या. दोन्हींत तणांच्या दहा जाती आणि शंभर रोपे. पहिल्यात प्रत्येक जातीची दहा-दहा रोपे आहेत. दुसऱ्यात एकट्या पाखडीची एक्याण्णव आणि उरलेल्या नऊ जातींचे एकेक रोप. यादी दोन्हींची सारखीच लांब. परंतु सिम्प्सन यांनी १९४९ मध्ये सुचविलेल्या निर्देशांकाने मोजले तर पहिल्या खाचराची विविधता ०.९० येते आणि दुसऱ्याची ०.१७. याचा साधा अर्थ असा : पहिल्या खाचरात डोळे मिटून दोन रोपे उपटली तर ती वेगवेगळ्या जातींची निघण्याचा संभव बराच, आणि दुसऱ्यात फारच थोडा. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरे खाचर अधिक धोक्याचे. एकच औषध किंवा एकच रीत वर्षानुवर्षे वापरली की बाकीची तणे मरतात आणि जे एक तग धरते ते मोकळे रान मिळाल्यासारखे माजते. हरियाणातील गव्हात असेच एक गवत एका तणनाशकाला दाद देईनासे झाल्याचे १९९० नंतरच्या पहिल्याच काही वर्षांत उघड झाले, आणि शेतकऱ्यांना उभा गहू हिरवा चारा म्हणून कापावा लागला. आपल्या देशात तणांच्या अभ्यासासाठी १९८९ साली जबलपूर येथे स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. आज ते तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. या विषयाला स्वतंत्र घर मिळावयास इतका काळ लागला, याचे मला राहून राहून नवल वाटते.

चला, आता खाचरात उतरू.

बांधावरून सुरुवात करावी. बांधावर केना असतो, त्याची निळी फुले सकाळीच पाहावी, दुपारपर्यंत ती मिटतात. आंबुशी असते, माका असतो, थोडे वर वरकसाच्या कडेला टाकळा आणि कुरडू. बांधावरून खाली पाऊल टाकले की जग बदलते. पाणी उथळ असेल तेथे पाखड. पाणी थोडे अधिक असेल तेथे लव्हाळ्याच्या कुळातील नाना जाती. गवत आणि लव्हाळा यांत गोंधळ होत असेल तर दांडी बोटांत धरून फिरवावी. बहुतेक लव्हाळ्यांच्या दांडीला तीन कडा लागतात, गवताची गोल भरते. त्याहून ओल्या जागी पाणलवंग, आणि एक नेच्याच्या जातीची, पाण्यावर चार पाकळ्यांसारखी पाने पसरणारी वनस्पती. पाहुणी मंडळी तिला चार पानांची आंबुशी समजून हरखतात. एका वीस पावलांच्या खाचरात जमिनीचा उतार हातभरही नसतो, तरी वनस्पती तो उतार अचूक वाचतात. पाखडीचे बी साचलेल्या पाण्याखाली नीट रुजत नाही. म्हणून ज्याचे खाचर सपाट आणि ज्याच्या बांधाला गळती नाही, त्याची अर्धी बेणणी पाणीच करते. जुने शेतकरी चिखलणी आणि बांधबंदिस्ती यांसाठी इतके का झटत, त्याचे हे एक कारण. राब भाजण्याच्या प्रथेकडेही असेच पाहावे. त्या आगीत रोपवाटिकेच्या वरच्या थरातील तणांचे बी जळून जाते.

बेणणीचा उल्लेख आला म्हणून माझी एक फजिती सांगतो. विद्यार्थिदशेत एका खाचरात मी मोठ्या उत्साहाने तण उपटू लागलो. शेजारच्या ओळीत एक वयस्क बाई बेणत होत्या. माझ्या हातातील जुडी पाहून त्या म्हणाल्या, “मास्तर, भात ठेवा ना थोडा आमच्यासाठी.” जुडीत निम्मी रोपे भाताची होती. पाखड लहानपणी हुबेहूब भातासारखी दिसते. हजारो वर्षे माणसे बेणत आली. जे तण भातासारखे दिसले ते हातातून सुटले आणि त्याचेच बी पुढे गेले. म्हणजे पाखडीला हे सोंग बेणणाऱ्या हातांनीच शिकविले. मी त्या बाईंना विचारले, “तुम्ही कशा ओळखता?” त्यांनी पान ओढून पात आणि खोड यांच्या सांध्यावर नखाने दाखविले : भाताच्या सांध्यावर पातळ पापुद्र्याची जीभ असते, पाखडीला ती नसते. पुस्तकात हेच लक्षण दिले आहे, आणि तेच मी परीक्षेत लिहिलेही होते.

लावणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना हा पिकाच्या दृष्टीने निर्णायक. त्या मुदतीत तण काढले तर पीक सावरते, नंतर काढण्याला फारसा अर्थ उरत नाही. या मुदतीत चिखलात वाकून काम करणारे हात आज मिळत नाहीत, ही या भागातील शेतकऱ्याची खरी तक्रार आहे. घरातील मुले बंदरात, कारखान्यात, कार्यालयात नोकरीला गेली, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु बेणणारे हात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर नखाने दाखविण्याचे ते ज्ञानही गेले. म्हणून तुमच्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात शास्त्रीय नावाआधी एक रकाना ठेवा : ‘गावात काय म्हणतात’. त्यापुढे दुसरा : ‘कोणी सांगितले, वय किती’.

आता देवभाताकडे वळू. तळ्याच्या कडेला, पाणथळ सखल जागी, क्वचित खाचरातही हे रानटी भात उगवते. त्याच्या दाण्याला लांब कुसळ असते आणि पिकताच दाणा गळून पाण्यात पडतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही म्हणून ज्या घरांतून हे न नांगरता आलेले तांदूळ आणतात, त्यांना देवभात पूज्य. ज्याच्या खाचरात ते शिरते त्याला मात्र ते काळासारखे वाटते. ते लागवडीच्या भाताशी संकर करते, आणि त्यातून निघालेली गळणारी, लालसर दाण्याची संतती ओंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. छत्तीसगडात यावर एक युक्ती काढली गेली : ‘श्यामला’ नावाचा जांभळ्या पानांचा भात लावावयाचा, म्हणजे हिरवे दिसेल ते बेखटके उपटता येते.

मग देवभात समूळ नाहीसे करावे काय? येथे मला फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची हकिकत सांगावीशी वाटते. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात भाताची वाढ खुंटविणाऱ्या एका विषाणुरोगाने थैमान घातले. संस्थेने आपल्या संग्रहातील हजारो वाण तपासले. त्या रोगाला दाद न देणारा एकच नमुना सापडला, आणि तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानटी भात, देवभाताचाच सख्खा भाऊबंद. डॉ. गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा गुण लागवडीच्या भातात आणला. १९७६ मध्ये प्रसारित झालेला ‘आय. आर. ३६’ हा पुढे जगात सर्वाधिक क्षेत्रावर लावलेल्या वाणांपैकी एक ठरला. ज्या कोणा संग्राहकाने ते गळके, कुसळाचे गवत पिशवीत भरले, त्याच्या जागी एखादा व्यवहारी माणूस असता तर त्याने ते उपटून बांधावर फेकले असते.

भात कापून झाले की खाचराचा दुसरा हंगाम सुरू होतो. उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. याच वेळी मोकळ्या शेतात गोरखमुंडीचे जांभळे गेंद दिसू लागतात, ओलसर कडांना तालीमखान्याची काटेरी झुडपे उभी राहतात, आणि वालाच्या आसपास उगवतो भांबुर्डा. हातावर चोळला तर त्याच्या केसाळ पानांना उग्र वास येतो. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. कोणत्याही तणसूचीत तो उपद्रवी म्हणूनच नोंदलेला असावयाचा. परंतु पनवेल, उरण, पेण, अलिबाग या भागात थंडीत पोपटी लावतात तेव्हा मडक्याच्या तळाशी भांबुर्डा, वर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, हवी असल्यास अंडी किंवा कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्ड्याचा बोळा. मडके उपडे घालून भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवावयाचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगा शिजतात त्या आपल्या ओलाव्यावर आणि भांबुर्ड्याच्या वाफेवर. वालाचे हे तण वालाच्याच सणाला लागते. शेतकऱ्याने त्याला नको म्हटले नाही आणि पेरलेही नाही. ‘नको त्या जागी उगवलेली वनस्पती’ ही व्याख्या मला अपुरी वाटते ती अशा वेळी. टाकळा, कुरडू, कवळा, घोळ, नाळ, माळावरील आणि पाण्यातील या साऱ्या भाज्यांचेही तेच आहे.

आता ‘अजून तरी’ या शब्दांकडे येतो. आपण ज्या शहरात बसलो आहोत ते शेतावर वसले आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर, नवे नगर आखले गेले. त्यासाठी भातशेती आणि मिठागरे घेतली गेली. त्या भूसंपादनाचा इतिहास साधा नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यात पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. या सर्व उभारणीचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. लाखो कुटुंबांना घर आणि काम या भूमीने दिले आहे. माझे म्हणणे एवढेच की, यातील प्रत्येक टप्प्याआधी तेथील खाचरांत काय उगवत होते, याची गाववार नोंद झाली असती तर आज ती अमोल ठरली असती. आपल्या हाताशी आहे तो थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला. कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या ग्रंथात गाजरगवत नाही, कारण ते पुण्यात प्रथम लक्षात आले १९५५ च्या सुमारास. आज कोणत्याही रिकाम्या भूखंडावर जा, पहिले नमस्कार करते ते गाजरगवतच. एका जुन्या यादीत एखादे नाव नसणे हीसुद्धा किती मोलाची माहिती असते, हे यावरून दिसेल.

खारजमिनीचा प्रश्न याहून निकडीचा आहे. खाडीकाठी बांध घालून, उघाडीतून भरतीचे पाणी अडवून आणि पावसाचे पाणी बाहेर सोडून आपल्या पूर्वजांनी ही जमीन समुद्राकडून मिळविली. तेथे लावणीऐवजी मोड आलेले भात फेकण्याची रहू पद्धत आहे. काळा रता, भुरा रता असे खारेपणा सोसणारे जुने वाण आहेत, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे वाण दिले आहेत. बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजविली नाही, की शेत क्रमाक्रमाने समुद्राकडे परत जाते, आणि हा प्रवास तणे सांगतात. प्रथम गोड्या पाण्याची पाणलवंग आणि माका नाहीसे होतात. मग खारट जमिनीवर पसरणारी ठेंगणी गवते येतात. मग मांसल पानांची मोरस, जिची भाजी किनाऱ्यावर आवडीने खातात. आणि एके वर्षी चिखलातून तिवराची रोपे डोके वर काढतात. कांदळवनांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सक्त मनाई केली आहे, आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी ती योग्यच आहे. परंतु ज्याच्या नावे सातबारा आहे आणि ज्याच्या शेतात खांड पडल्यामुळे तिवर आले, त्या शेतकऱ्याला पुढे ते शेत शेत म्हणून कसे मिळावयाचे? येथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरचाच हा प्रश्न आहे, हे मला ठाऊक आहे. त्याचा निवाडा करणे माझ्या अधिकारात नाही. मात्र मोरस दिसू लागली त्या वर्षी जर कोणी तारीख घालून, चौकट टाकून, नोंद करून ठेवली असेल, तर बांध दुरुस्तीची मागणी करताना त्या शेतकऱ्याच्या हाती काही असेल. तिवर उगवल्यावर केलेली नोंद त्याच्या कामाची नाही.

आणि जेथे शेत गेलेच आहे तेथे? अमेरिकेत मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ साली तणांचे बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरून पुरले. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बी रुजते का पाहावयाचे, असा तो प्रयोग. बील गेले, त्यांचे शिष्यही गेले. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतील काही बी १४२ वर्षांनंतरही रुजले. आपल्या नव्या वसाहतींतून जुलै महिन्यात फिरताना मी रिकाम्या भूखंडांवर साचलेल्या पाण्याकडे पाहतो. पायासाठी खणलेल्या मातीच्या कडेला लव्हाळा, पाखड, पाणलवंग उभी असतात, भोवती चारी बाजूंना इमारती. तेथे शेवटचे भात कधी कापले गेले, ते त्या इमारतींतील कोणालाच सांगता येणार नाही. विद्यार्थ्यांनी यंदा असे भूखंडही मोजावेत आणि जवळच्या चालू खाचराशी त्यांची तुलना करावी, अशी माझी सूचना आहे. ज्या तणाचे नाव लागणार नाही त्याचा फुलाफळांसकट नमुना दाबून ठेवावा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आहे आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. तेथील संग्रहाशी पडताळून पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. चुकीच्या नावापेक्षा रिकामा रकाना बरा.

कामाची वाटणी आता करून टाकू. पहिली फेरी लावणीनंतर तीन आठवड्यांनी, बेणणीच्या आधी. दुसरी ओंब्या येताना. तिसरी वालाच्या हंगामात, डिसेंबरअखेर. प्रत्येक वेळी त्याच खाचरांत जावयाचे, म्हणून मालकाची परवानगी आणि खाचराची खूण आधीच घेऊन ठेवावी. चार जणांचा एक गट : एकाने चौकट टाकावी, दोघांनी मोजावे, एकाने लिहावे. शिसपेन्सिलीने लिहावे, शाई पावसात पसरते. रबरी बूट चिखलात रुतून बसतात. अनवाणी उतरलेले बरे, पण काठी हातात असू द्यावी, बांधावर साप असतात. आणि चौकटीतील भाताची रोपेसुद्धा मोजा, ती उपटू नका. त्या बाईंनी मला सांगितलेले मी तुम्हांला सांगितले आहे.

आता ज्यांना आपापल्या गावातील खाचरे द्यावयाची आहेत, त्यांनी पुढे येऊन नावे लिहवावीत.